आईने निवडलेल्या कमानी

माझ्या लाडक्या नातवंडांनो,

नैरोबीहून आलेले तुमचे पत्र पोहोचले. रविवारच्या हौशी शर्यतींसाठी तुम्ही गाडीचे शॉक ॲब्सॉर्बर बदलणार आहात, दुकानात तीन प्रकारचे आहेत आणि कोणते घ्यावे यावरून तुम्हा भावंडांत जेवणाच्या टेबलावर रोज भांडण होते, हे वाचून मजा वाटली. पण शेवटी धाकट्याने लिहिले आहे, "आजी, आईला आम्ही सांगितलंय की हे सगळं तिच्या पाठदुखीसाठी चाललंय. तू फोडू नकोस हं!"

मी फोडणार नाही. पण मला हसूही आले नाही. माझ्या लहानपणी आमच्या घरात हीच थाप मारली गेली होती. तिचे पुढे काय झाले ते मी तुमच्या आईलाही कधी सांगितलेले नाही. पाना हातात घेण्याआधी तुम्ही ते वाचावे, म्हणून आज लिहायला बसले आहे.

गोष्ट गेल्या, म्हणजे एकोणिसाव्या, शतकाच्या शेवटच्या दशकातली. आम्ही गिरगावात राहत होतो. माझे वडील वकील होते. मुलीला इंग्रजी शिकवतात म्हणून आळीतले लोक त्यांना हसत, आणि ते त्या हसणाऱ्यांना मुद्दाम थांबवून माझ्याकडून इंग्रजी कविता म्हणवून घेत. मला त्यांच्याइतका मोठा माणूस जगात दुसरा ठाऊक नव्हता. हे आधी सांगते, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही.

त्यांच्याकडे एका घोड्याची दोन चाकी बग्गी होती आणि त्यांना शर्यतीचा नाद होता. दिवाळीच्या सुटीत कोर्टे बंद असत. तेव्हा काही वकील, डॉक्टर, पेढीवाले आपापल्या गाड्या घेऊन ओहोटीच्या वेळी माहीमच्या वाळूवर जमत. नियम एकच होता: लगाम मालकाने स्वतः धरायचा, कोचमनने नाही. हरला तर हसे आणि जिंकला तर वर्षभर बढाई.

त्याच वर्षी आईचे बाळंतपण फार कठीण गेले होते. माझा धाकटा भाऊ सुखरूप होता, पण आईच्या कमरेला आणि ओटीपोटाला जरासाही हिसका सोसत नसे. आगगाडीचे नाव काढायची सोय नव्हती. डब्याची पायरीच तिला चढवत नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, धक्के बसू देऊ नका, पुन्हा रक्तस्राव सुरू झाला तर आवरणार नाही. तिचे माहेर दादरला, नारळीच्या वाडीत. तिथे तिची आई, म्हणजे माझी आजी, अंथरुणाला खिळलेली होती. आईला एवढेच हवे होते: तिला एकदा डोळ्यांनी बघायचे. तिने मेणा मागवण्याची गोष्ट काढली, तर वडील म्हणाले, "अगं, दारात बग्गी असताना वकिलाची बायको मेण्यातून जाणार? लोक म्हणतील, घोडा मेला की काय! कमानीच बदलून टाकू. तुझ्यासाठीच बदलू."

कमानी म्हणजे गाडीखालच्या स्प्रिंगा, एकावर एक ठेवून आवळलेल्या पोलादी पात्यांच्या. आमच्या जुन्या कमानी बसल्या होत्या. भायखळ्याच्या गाड्यांच्या कारखान्यातून वडिलांनी तीन जोड्या परीक्षेसाठी आणवल्या. एक लांब आणि पातळ पात्यांची, एक आखूड आणि ताठ, आणि तिसरी मधली, पुष्कळ पात्यांची. मिस्त्री जोडी बसवी आणि आम्ही चौपाटीपर्यंत फेरी मारून येत असू.

आईला परीक्षेसाठी बसवणे शक्य नव्हते. म्हणून तिने स्वतःची तऱ्हा काढली. पितळेचा तांब्या काठोकाठ भरून माझ्या मांडीवर द्यायची आणि बजावायची, "हातांनी सावरायचं नाही. नुसता धर." परत आले की दारातच माझा परकर बघायची.

लांब पात्यांच्या कमानींवरून आले तेव्हा वडील खूश होते. "बघ, लोण्यावरून गेल्यासारखी गेली!"

आईने मला विचारले, "खड्डा आला तेव्हा किती सांडलं?"

"थोडंसंच."

"आणि मग?"

"मग हिंदकळतच राहिलं. पुढच्या खड्ड्यापर्यंत."

"म्हणजे पाळणाच की. मला पाळण्यात नाही बसायचं, माहेरी जायचंय."

ताठ कमानींनी माझा परकर पार भिजवला. गाडी मात्र वळणावर जरासुद्धा कलली नाही, आणि वडिलांचे डोळे चमकले ते मी पाहिले. मधल्या जोडीवर पहिल्या धक्क्याला पाणी जरा सांडले आणि लगेच थांबले. तुमच्या शॉक ॲब्सॉर्बरचे काम तेव्हा पात्यांचे एकमेकांवर घासणे करीत असे, हे मला पुष्कळ पुढे कळले. आईने ते भिजलेल्या परकरावरून ओळखले. "याच," ती म्हणाली. त्या कमानींवर बसून ती मुद्दाम देवळापर्यंत जाऊन आली. परतली तेव्हा हसत होती. वडिलांनी हात जोडले. "साक्षीदार तांब्या! कोर्टातसुद्धा असा बघितला नाही. ठरलं, तुझ्याच कमानी."

तिने दादरला मामाला निरोप धाडला: भाऊबिजेला यंदा तू येऊ नकोस, मीच येते, आईच्या उशाशी तुला ओवाळीन.

भाऊबिजेला सकाळीच आत्या आली, तिने वडिलांना ओवाळले आणि बाळाला सांभाळायला ती थांबली. जेवणे झाल्यावर आई नवे लुगडे नेसून, ओवाळणीचे ताट रुमालात बांधून बग्गीत बसली. शेजारी मी. वडील दारात उभे राहून म्हणाले, "सावकाश जा." कोचमनने मान खाली घातली.

आळीच्या तोंडाशी गटारावरची फरशी होती. तिच्यावरून चाक गेले आणि आईने माझे मनगट घट्ट धरले. दुसरा धक्का बसला तेव्हा म्हणाली, "या त्या नव्हेत."

"कोण?"

"कमानी. गाडी थांबवायला सांग."

कोचमन रत्नागिरीकडचा, वयाने वडिलांहून मोठा. तो खाली उतरून उभा राहिला, पण वर बघेना. आईने विचारले, "कधी बदलल्या?"

"काल, पाडव्याला, बाईसाहेब. शर्यत परवावर आली ना. ताठ कमानींवर गाडी वाळूत सरळ पळते."

"आणि मला कोणी सांगितलं नाही?"

त्याने लगामाचा चामडी पट्टा हातावर गुंडाळला. मग म्हणाला, "साहेब म्हणाले, हळू ने, तिला कळायचं नाही."

आई तिथूनच परत फिरली असती तर काय झाले असते, हा विचार मी आयुष्यभर केला आहे. पण ती म्हणाली, "चला पुढे. तिकडे आई वाट बघत असेल."

भायखळ्यापर्यंत रस्ता बरा होता. लालबागपासून पुढे गिरण्यांकडे कापसाच्या गाठी नेणाऱ्या खटाऱ्यांनी खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या. कोचमन घोड्याला पावलापावलाने नेत होता, तरी प्रत्येक चाकोरीला आईचा चेहरा पांढरा होई. परळ ओलांडण्याआधीच ती म्हणाली, "बस. उतरव मला." रस्त्याच्या कडेला चिंचेखाली ती बसली आणि मी पाहिले, नव्या लुगड्यावर डाग पसरत होता.

बाजारातून रिकामी पाटी घेऊन परतणारी एक कोळीण थांबली. तिने एकदा आईकडे आणि एकदा बग्गीकडे पाहिले आणि कोचमनवर कडाडली, "काय रं मेल्या, अशा बाईला या गारीत घालून आनलीस? आमची म्हावऱ्याची पाटी बरी हिच्यापरीस!" मग आईच्या पाठीशी बसून तिने तिचे डोके आपल्या खांद्यावर घेतले. "दादर अजून लांब हाय गो बाय, नि रस्ता याच्याहून वंगाल. हट्ट करू नको. घरा जा."

आई रडली ती तेव्हा. ओवाळणीचे ताट तिने कोचमनच्या हाती दिले. "बग्गी घेऊन तुम्ही दादरला जा. भावाला द्या आणि सांगा, आले होते निम्म्यापर्यंत."

कोळणीने गिरगावाकडे जाणारी एक गवताची बैलगाडी अडवली. गवतावर निजवून, पायी चालण्याच्या गतीने, आम्ही आईला घरी आणले. जिला मेण्यातून जाऊ देणे वडिलांना कमीपणाचे वाटले होते, ती भर दिवाळीत, सगळी आळी दारात उभी असताना, गवताच्या गाडीतून उतरली. वडिलांचे पहिले शब्द होते, "अगं, हे काय? बग्गी कुठाय?"

डॉक्टर येऊन गेल्यावर ते आईच्या खाटेशी उभे राहिले. "दोन दिवसांचा तर प्रश्न होता," ते म्हणाले. "शर्यत झाली की तुझ्याच बसवणार होतो. सारखी काढघाल केली की बोल्ट सैल होतात." आईने कूस बदलली.

मला वाटले होते, आता ते शर्यतीला जाणार नाहीत. ते गेले. त्यांचा दुसरा नंबर आला. संध्याकाळी मित्रमंडळी चहाला आली. वडील उत्साहात सांगू लागले, "गंमत ऐका. या कमानींची परीक्षा आमच्या मंडळींनी घेतली. पाण्याचा तांब्या ठेवून!" लोक वाहवा करू लागले. मी कपबशा घेऊन दाराशी उभी होते. आतल्या खोलीत आई पडून होती. परक्या पुरुषांसमोर तिचा आवाज तोवर कोणी ऐकला नव्हता. तो तेव्हा ऐकू आला.

"कुठल्या निवडल्या होत्या, तेही सांगा म्हणावं."

एक डॉक्टर हसत म्हणाले, "वहिनी वकिलाचीच उलटतपासणी घेतात!" आणि सगळेच हसले. वडीलही हसले. तिला ठकवले ते एकदा पाडव्याला, आणि दुसऱ्यांदा या हसण्यात. दुसरे मला जास्त लागले, कारण त्या वेळी ते तिच्या बाजूने बोलतील अशी माझी खात्री होती.

आई उठून बसण्याआधीच, मार्गशीर्षात आजी गेली. भाऊबिजेला आजीने सबंध दुपार दाराकडे तोंड करून काढली होती, एवढेच मामाने सांगितले. त्यानंतर आठवड्याभरात वडिलांनी मधल्या कमानी बसवून घेतल्या आणि बग्गी दाराशी आणून उभी केली. आई बाहेर आली नाही. ती पुन्हा कधीच त्या गाडीत बसली नाही. कुठे जायचे झाले तर भाड्याची गाडी मागवी.

त्यांनी मला मॅट्रिक केले, कॉलेजात घातले. परीक्षेला ते स्वतः मला पोहोचवायला येत. मी त्यांचे ऋण नाकारत नाही. पण "तुझ्यासाठीच करतोय" असे ते म्हणाले की, मी मनातल्या मनात खाली वाकून गाडीच्या कमानी बघत असे. पुढे तुमचे आजोबा तसे म्हणाले तेव्हाही बघितल्या. बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता. तुमच्या आईने तुमच्याकडे असे वाकून बघावे, असे मला वाटत नाही. शर्यतीसाठी घेत असाल तर शर्यतीसाठी म्हणून सांगा. ती रागावेल, चार शब्द बोलेल, आणि कदाचित पैजही लावेल.

आता त्यातले काय उरले ते लिहिते. बग्गी मोडीत गेली. गिरगावचे घर पाडून तिथे चार मजली इमारत झाली आहे. दादरची नारळीची वाडी गेली आणि तिथून रस्ता काढला. त्या रस्त्याला लागून असलेल्या इमारतीच्या मागच्या अंगणात वाडीची विहीर अजून आहे. तिच्या तोंडावर लोखंडी जाळी बसवली आहे. कठड्याचे दगड जुनेच आहेत.