नेव्हिलने न पाहिलेलं तिसरं गाणं

नेव्हिल हॉवर्थ तसा मुखदुर्बळ माणूस. जन्मभर लोकांच्या घरात गुडघ्यांवर बसून त्याने जमिनीवर गालिचे ठोकून बसवले. पण विलायतेतल्या ओल्डहॅम गावच्या कामगार क्लबात रविवारी दुपारी कुणी 'डेड मीटर्स'चं नाव काढलं, की त्याला कंठ फुटायचा.

'डेड मीटर्स' हा गावातल्याच चार पोरांचा बॅंड. पंक या बंडखोर संगीताच्या त्या धामधुमीच्या वर्षांत त्यांनी जेमतेम दीड वर्ष धिंगाणा घातला आणि फुटले. पण मागाहून त्यांच्या नावाला असा काही भाव आला, की जुन्या सहकारी हॉलमधल्या त्यांच्या त्या एका कार्यक्रमाला आपण होतो म्हणणारे लोक गल्लोगल्ली निघाले. हॉल एवढासा, दीडशे माणसांत गच्च भरणारा. म्हणणाऱ्यांची बेरीज केली असती तर फुटबॉलचं मैदान भरलं असतं. क्लबातल्या मंडळींचा त्यातल्या एकट्या नेव्हिलवर विश्वास होता, कारण तो खोटं बोलणारा माणूस नव्हता.

आणि तो होताच तिथे. फक्त दुसरं गाणं संपायच्या आत निघून गेला होता, एवढं सांगायचं त्याने टाळलं होतं.

तेव्हा तो एकोणीस वर्षांचा. बिस्किटांच्या कारखान्यातली लॉरेन एन्टविसल त्याची मैत्रीण. केस हिरवेगार रंगवलेली, तोंडाची फटकळ, आणि याच्यावर जीव टाकणारी. हा मात्र वडिलांचा लोकरी कोट घालून आलेला. वडील आदल्या वर्षी गेले होते, आणि आईने तो कोट उसवून, आत घेऊन त्याच्या मापाचा केला होता. अशा जागी असला कोट कोण घालतं? पण आईने बटणं स्वतः लावून दिली, मग काढणार कसा.

त्या पोरांची एक रीत होती. गाणारा वरून थुंकायचा, खालचे त्याच्यावर थुंकायचे, आणि जितकं जास्त अंगावर तितकं प्रेम जास्त. आपल्याकडे हार घालतात, त्यांच्याकडे हे. लॉरेनलाही आनंदाचं भरतं आलं आणि ती खदखदून हसत वळली ती थेट नेव्हिलच्या छातीवर थुंकली. वडिलांच्या कोटावर. नेव्हिलच्या कानशिलात रक्त चढलं. तो गर्दीतून वाट काढत बाहेर पडला आणि समोर उभी असलेली बस पकडून घरी गेला.

सोमवारी तो बिस्किटांच्या कारखान्यावरून जात असताना लॉरेनने त्याला फाटकावर गाठलं.

"अरे, मी आले होते तुझ्या मागे. स्टॉपपर्यंत धावले. बस सुटली होती रे."

"खोटं बोलू नकोस. नाचत बसली असशील त्या थुंकणाऱ्यांच्यात."

"नेव्हिल, आईची शपथ."

"खोटारडी आहेस तू," तो म्हणाला, आणि चांगलं मोठ्याने म्हणाला. बिस्किटवाल्या सगळ्या पोरींनी ऐकलं. लॉरेन त्यानंतर त्याच्याशी कधी एक शब्दही बोलली नाही. तीन वर्षांनी तिचं लग्न झालं. नेव्हिलचं काही झालं नाही. तो आईजवळ राहिला, आणि आई गेल्यावर एकटाच.

त्याला नाद उरला तो एकच. त्या काळच्या बॅंडांच्या प्रत्यक्ष कार्यक्रमांच्या फिल्मा. आधी कॅसेटी, मग डिस्का, मग फोनवर. रेकॉर्डला तो हातही लावायचा नाही. "रेकॉर्ड म्हणजे पावडर लावून काढलेला फोटो," म्हणायचा. फिल्ममध्ये गिटारची तार तुटते, ढोलवाला चुकतो, कॅमेऱ्याला कुणाचं तरी डोकं आडवं येतं, घामाने भिंती ओल्या दिसतात, आणि पुढच्या क्षणाला काय होईल ते गाणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तो नाही म्हणाला तरी मला विचाराल तर अर्ध्यावर टाकून आलेली ती एक संध्याकाळ तो असल्या शेकडो परक्या संध्याकाळींत शोधत होता. माणूस स्वतःला किती दिवस फसवू शकतो याला काही सुमार नाही.

आणि मग ती फिल्म सापडली. कला महाविद्यालयातल्या कुणा विद्यार्थ्याने सज्जातून अख्खा कार्यक्रम टिपला होता. तो वारल्यावर त्याच्या मुलीला माळ्यावर डबा मिळाला आणि तिने फिल्म इंटरनेटवर टाकली. क्लबचा सेक्रेटरी फ्रॅंक टॅटरसॉल याने लगेच क्लबात फुटबॉलचे सामने दाखवायच्या मोठ्या पडद्यावर ती दाखवायचं ठरवून टाकलं. नेव्हिलला विचारायचीही गरज त्याला वाटली नाही.

"आज आमचे साहेब पडद्यावर!" फ्रॅंक ओरडला. "ए, नेव्हिलला पुढे बसवा. मटण भरलेली पाई आणि वाटाणे त्याला आधी द्या."

नेव्हिलने ताटली बाजूला सारली. आता आपली अब्रू जाणार, एवढंच त्याला दिसत होतं. पळून जावं असंही मनात आलं. पण एकदा पळून काय मिळालं ते त्याला माहीत होतं.

फिल्म सुरू झाली. दुसऱ्या गाण्यात तो दिसला. कोटामुळे लगेच ओळखू आला.

"अरे, हा तर बॅंकेचा मॅनेजर!"

"आणि ही बघा, ही थुंकली याच्यावर! काय नशीबवान आहेस लेका!"

"थांब, थांब, हा चालला कुठे?"

पडद्यावरचा नेव्हिल दाराबाहेर गेला. क्लबात हशाचा असा स्फोट झाला की ग्लास हिंदकळले.

"चाळीस वर्षं आमच्या बियरी ढोसल्या रे याने, दीड गाण्यावर!" फ्रॅंक डोळे पुसत म्हणाला. रागावलं कुणीच नव्हतं. पाठीवर थापा पडत होत्या. ज्याची धास्ती घेतली ते एवढ्यात आटपलं होतं.

पण नेव्हिल पडद्याकडेच बघत होता. तिसरं गाणं सुरू झालं होतं. गाणारा नाचत कडेला गेला, आणि कॅमेरा त्याच्या मागे न जाता गर्दीवरच रेंगाळला. त्या गर्दीत एक हिरवं डोकं. ती नाचत नव्हती. दाराकडे बघत होती. मग तिने शेजारच्याला ढकललं, दुसऱ्याला कोपर मारलं, आणि वाट काढत, हात उंच करून काहीतरी ओरडत दारातून बाहेर पडली.

पुढची दोन गाणी ती कुठेच नव्हती. शेवटच्या गाण्याला परतली. भिंतीला टेकून उभी राहिली. सगळा हॉल उड्या मारत होता आणि ती एकटी बाहीने तोंड पुसत होती.

क्लबातल्या कुणाचंच तिच्याकडे लक्ष नव्हतं. "काय वाजवतोय बघ!" फ्रॅंक म्हणाला. नेव्हिल उठला. लोकांना वाटलं, चिडवल्याचा राग आला.

लॉरेनचा बाजारात चीजचा गाळा होता. दोन नातवंडांची आजी, केस पांढरे, पण जीभ तीच. इतकी वर्षं नेव्हिल चीज घ्यायला दुसरीकडे जात आला होता. सोमवारी तो तिच्या गाळ्यासमोर उभा राहिला.

"काय देऊ?" तिने विचारलं. मग वर बघितलं. "अगबाई. तू."

"लॉरेन, त्या कार्यक्रमाची फिल्म सापडलीये. मी पाहिली. तू खरंच आली होतीस माझ्या मागे."

"ते मला माहितीये. तुला सांगितलंही होतं."

"हो, पण आता मी डोळ्यांनी पाहिलं ना. मी चुकलो. फार चुकलो. मला माफ—"

"थांब जरा." तिने हातातली सुरी खाली ठेवली. आवाज चढला नव्हता. "ती फिल्म सापडली नसती तर? तर मरेपर्यंत मी तुझ्या लेखी खोटारडीच राहिले असते, हो की नाही?"

नेव्हिलला 'नाही' म्हणायचं होतं. तोंडही उघडलं.

"बघ," लॉरेन म्हणाली. "आजसुद्धा तू माझं नाही ऐकलंस रे. त्या फिल्मचं ऐकलंस."

मागे एक बाई पिशवी घेऊन ताटकळत होती. लॉरेनने सुरी उचलली आणि तिला विचारलं, काय देऊ.