आईच्या हातची डाळ

आमच्या आईच्या हाताला चव होती. मुलगी म्हणून कौतुक करत नाही, सगळी चाळच तसं म्हणायची. चिंचवड स्टेशनच्या अलीकडे, रुळांपासून जरा आत, जुन्या गावातल्या एका शेतकरी कुटुंबानं आपल्या मळ्याच्या कडेला पत्र्याची चाळ बांधली होती. वडील पिंपरीच्या एका कंपनीत टूलरूममध्ये होते. चाळीत बाकीचेही असेच, कुणी कंपनीतले, कुणी शाळामास्तर, एक पोस्टातले. नळ अजून यायचा होता. मळ्यातली विहीर सगळ्यांची आणि विहिरीवरची भांडणंही सगळ्यांची.

घरमालकिणीला आम्ही सगळे मावशी म्हणायचो. नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि बोलणं खडं. भाड्याला उशीर झाला तर त्या दारात उभ्या राहून विहिरीवरच्या आमच्या साबणाला शिव्या द्यायच्या, भाड्याचं नाव काढायच्या नाहीत. त्यांच्या परड्यात कैऱ्यांनी वाकलेली दोन झाडं होती. चैत्र लागला की त्या स्वतः पाटीभर कैऱ्या आणून आईपुढे ओतायच्या आणि म्हणायच्या, "वहिनी, तुमचं ते बामणी हळदीकुंकू कवा हाय?"

चैत्रगौरीचं हळदीकुंकू चाळीतल्या प्रत्येक घरी वेगवेगळ्या दिवशी असायचं, पण कैरीची डाळ कालवायला सगळीकडे आईच. भिजवलेली हरभऱ्याची डाळ पाट्यावर भरड वाटायची, त्यात किसलेली कैरी, खोबरं, मीठ, साखर, वरून मोहरी-हिंगाची फोडणी. हे सगळं कुणालाही येतं. पण मग आई बांगड्या मागे सारून हात घालायची आणि परातभर डाळ खालून वर घोळायची. पोस्टातल्या काकूंनी एकदा डावानं कालवली, तर बायकांनी त्यांना पुढची दोन वर्षं छळलं. दवाखान्यातली डाळ, म्हणायच्या. दुपारी कालवलेली ती डाळ ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायची, म्हणजे संध्याकाळपर्यंत मुरते.

मावशींची नात कायम आईच्या गुडघ्याशी असायची. अजून शाळेत जात नव्हती. डाळ कालवून झाली की ती तळहात पुढे करी आणि आई बोटांना लागलेलं सगळं त्या तळहातावर पुसून टाकी. पोरगी ते चाटून गंभीरपणे सांगायची, "मीठ बरं हाय." मग ती परात पुढे जायची. आम्हाला हसू यायचं आणि मला थोडी जळजळही व्हायची, कारण आधी तो मान माझा होता.

वैशाखात चाळीत ताप यायचा. टायफॉइडला तेव्हा मुदतीचा ताप म्हणत. दरवर्षी एकदोन घरांत कुणीतरी अंथरूण धरायचं आणि मग कारणं निघायची. मास्तर म्हणायचे विहीर. विहिरीपलीकडचे म्हणायचे विहिरीअलीकडचे लोक. कुणी गोळेवाल्याच्या बर्फाला बोल लावला, कुणी उन्हाला, कुणी नजरेला. नगरपालिकेची माणसं येऊन विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकून गेली. त्या वर्षी चहाला दवाखान्याचा वास येत होता, तरी ताप आलाच. मास्तरांच्या घरी तर पाणी उकळून प्यायचे, त्यांचाच मुलगा आजारी पडला. मास्तर दोन महिने कुणाशी नीट बोलले नाहीत.

आमच्या घरी मात्र काही नाही. आम्हा तिघांना हा ताप या चाळीत येण्याआधीच, भोसरीच्या भाड्याच्या खोलीत येऊन गेला होता. त्यातून आई सर्वांत शेवटी उठली आणि त्यानंतर तिला साधी सर्दीसुद्धा झाली नाही. या गोष्टीचा तिला अभिमान होता. म्हणून चाळीत कुणी आजारी पडलं की ती हक्कानं जायची, कपाळावर घड्या ठेवायची, अंथरूण बदलायची, मोसंबी सोलून फोडी तोंडात घालायची. लोक म्हणायचे, तुमच्यासारखं माणूस शेजारी असावं.

एका वैशाखात मावशींची नात आजारी पडली. पहिले काही दिवस ताप चढत गेला, मग उतरतोय असं वाटलं. पोरगी उठून बसली आणि भाकरी मागायला लागली. आमची आई तिच्याजवळ होती. मग एका सकाळी तिचं पोट फुगलं, दगडासारखं लागायला लागलं. कंपनीतल्या एकाची जीप मिळवून पुण्याला नेईपर्यंत तिची शुद्ध गेली होती. आतड्याला भोक पडलं होतं. दुपारी जीप परत आली. मावशी पुढच्या सीटवर बसल्या होत्या आणि मांडीवरच्या पोरीवर त्यांनी पदर घातला होता, ऊन लागू नये असा. ते मला अजून सोसत नाही.

त्यानंतर नगरपालिकेच्या डॉक्टरीणबाई आल्या. वयानं लहान, पण चिवट. त्यांनी पाण्याबद्दल विचारलंच नाही. गेल्या काही वर्षांत आजारी पडलेल्यांनी एकत्र बसून काय खाल्लं होतं, एवढंच त्या घरोघर विचारत होत्या. बायका म्हणाल्या, काही नाही हो, फक्त हळदीकुंकू. मग त्यांनी सगळ्यांच्या शौचाचे नमुने मागितले. चाळीत हलकल्लोळ झाला. बायका लाजेनं दारं लावून बसल्या. तेव्हा आईच पुढे झाली. ती मॅट्रिक होती आणि अशा वेळी तिला ते आठवायचं. घरोघर जाऊन तिनं समजावलं की पोरगी गेली, आता कसली लाज, आणि पहिली बाटली स्वतःची दिली.

जंतू फक्त आईच्या बाटलीत निघाले.

डॉक्टरीणबाई ते सांगायला घरी आल्या, तेव्हा मी भाजी निवडत तिथेच होते. त्या म्हणाल्या, तुम्ही आजारी नाही. जुना ताप गेला, पण त्याचे जंतू पित्ताशयात घर करून बसलेत. तुम्हाला ते काही करत नाहीत, पण तुमच्यातून बाहेर पडतात. हात कितीही धुतले तरी नखांच्या आड थोडे राहून जातात. आईनं विचारलं, "म्हणजे माझ्या पुरणपोळीतूनही?" त्या म्हणाल्या, शिजतं त्यात ते मरतात. जे कच्चं आणि हातानं कालवलेलं, त्यातून जातात. त्यात झाकून दिवसभर उन्हाळ्यात ठेवलं, तर वाढतातही.

आई आपल्या हातांकडे बघत राहिली. मग तिनं ते मांडीखाली घेतले आणि तशीच बसली.

हे कुणाला सांगायची गरज नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. वडीलही तेच म्हणाले. दिघीला एक जागा होती, पुढच्या महिन्यात तिकडे जाऊ, असा त्यांचा विचार होता. आई म्हणाली, जाऊ, पण मावशींना सांगितल्याशिवाय नाही. आणि ती गेली. मी मागोमाग गेले, कारण मला भीती वाटत होती.

मावशी ओट्यावर शेंगा फोडत होत्या. आईनं उभ्यानंच सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. पोरीच्या तळहातावर बोटं पुसायची तेसुद्धा. मावशींचे हात थांबले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "तुमाला ठावं व्हतं का?"

"नव्हतं."

"मंग आता काय बोलायचं." पुन्हा शेंगा. आम्ही निघालो तेव्हा पाठीमागून म्हणाल्या, "जागा सोडू नका. जायाचं कारन न्हाई."

म्हणून आम्ही राहिलो. पण राहणं सोपं नव्हतं. गेलेल्या पोरीच्या आईनं, मावशींच्या सुनेनं, आमच्याकडे पुन्हा कधी मान वर करून पाहिलं नाही, आणि का पाहावं? चाळीला कळायचं ते कळलंच. कुणी वाईट बोललं नाही. शेजारची वाटी रिकामी परत करायची नाही, ही आमच्याकडची रीत. आता आमच्या वाट्या घासूनपुसून रिकाम्या परत यायला लागल्या, मग जाईनाशाच झाल्या. आई मात्र आलेली वाटी अजूनही रिकामी पाठवत नसे. तिच्यात गुळाचा खडा किंवा न फोडलेला नारळ ठेवायची, तोही मला उचलायला लावून. चाळीत कुणी आजारी पडलं की ती खिडकीशी उभी राहून त्या घराकडे बघायची. मला त्या सगळ्या बायकांचा राग यायचा. खरं तर त्यांचं काही चुकत नव्हतं, म्हणूनच जास्त यायचा.

आईनं औषधं घेतली. ती लागू पडेनात, तेव्हा पुण्याला जाऊन पित्ताशय काढून घेतलं. पुढे पुन्हा पुन्हा नमुने दिले आणि सगळे स्वच्छ निघाले. डॉक्टरीणबाई मुद्दाम येऊन म्हणाल्या, आता बिनधास्त करा. आई हो म्हणाली आणि आमच्या पानात कोशिंबीरसुद्धा चमच्यानंच कालवून वाढत राहिली. चैत्रगौर बसायची, पण हळदीकुंकू नाही.

मग एका चैत्रात मावशी पाटी घेऊन आल्या. पोरगी गेल्यापासून पहिल्यांदाच. कैऱ्या ओतल्या आणि पाटावर बसल्या.

"करा, वहिनी."

आई नको नको म्हणत होती, पण मावशी उठेनात. शेवटी मी डाळ वाटली, आईनं फोडणी घातली आणि डाव घेतला. "त्यानं नगं," मावशी म्हणाल्या. "हातानं." आईनं साबणानं हात धुतले, पुन्हा धुतले. कोपरापर्यंत. मग बांगड्या मागे सारल्या. परातीत हात घालताना सवयीनं तिची नजर गुडघ्याशी गेली.

मावशींनी वाटी घेतली आणि सावकाश खाऊ लागल्या. बाहेर अंगणात सामसूम होती. एरवी त्यांची धाकटी नातवंडं दिवसभर आमच्या ओट्यावर धिंगाणा घालायची.

"पोरं कुठंयत?" आईनं विचारलं.

मावशींनी घास गिळला. "धाडली माणला, मामाकडं. कालच." खोटं बोलणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. "मी म्हातारी हाय. मला काय व्हायाचंय."

"बरं केलंत," आई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि हात डाळीनं माखलेला, म्हणून तिला ते पुसता येईनात.

मावशींनी वाटी पुढे केली. "घाला अजून," त्या म्हणाल्या. "मीठ बरं हाय."