मशिनींवर बसलेल्या बायका

दावा जिंकून सात महिने झाले, तरी काजवाल्या मावशींच्या हाती निकालाचा कागदच होता. गणवेशाच्या कारखान्यात काजं करण्यात एकवीस वर्षं गेली. शेवटच्या दोन वर्षांचा पगार मालकाने बुडवला. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ऑपरेशन त्याच पैशांवर अडलं होतं.

वकीलबाईंनी मार्ग सांगितले होते. "बँक खातं गोठवता येईल, पण त्यात तो फुटकी कवडी ठेवत नाही. कैदेत टाकायचा अर्ज करता येईल, पण आत त्याच्या जेवणाचा खर्च तुम्ही भरायचा."

"म्हणजे अजून मीच पोसू त्याला?"

"नाहीतर शाळेकडून त्याला गणवेशांच्या बिलाचे पैसे येणं आहे, ते परस्पर कोर्टात वळवू. खात्रीचं, पण आठ महिने लागतील. सगळ्यात लवकर म्हणजे मशिनी जप्त करून लिलाव."

"तेच करा. कोर्टाचे जिने चढून गुडघे गेले माझे."

आणि आज मावशी कोर्टाच्या बेलिफाबरोबर कारखान्याच्या दारात उभ्या होत्या. काय जप्त करायचं ते ज्याचं येणं आहे त्यानेच दाखवायचं असतं, हे बेलिफाने वाटेत सांगितलं. सहा मशिनी, सहा बायका. मालक गायब.

"या मावशी," कॉलर शिवणारी मान वर न करता म्हणाली. "माझी पहिली दाखवा. हिचं पायडल तसंही कुरकुरतं."

"गप गं," मावशी म्हणाल्या.

"गप काय? मशीन गेली की उद्यापासून मीही पगारासाठी कोर्टात. डबा वाटून खाऊ."

कुणी हसलं नाही. मशिनी मात्र थांबल्या.

"बाई, आटपा," बेलिफ म्हणाला. "मला अजून दोन ठिकाणी जायचंय."

"मालकाची खुर्ची लिहा. पंखा. ते कपाट."

"याचे टेम्पोभाड्यापुरतेही यायचे नाहीत. मशिनी लिहू ना?"

"नको."

वकीलबाईंनी संध्याकाळी यादी वाचली आणि चष्मा काढून ठेवला. "अहो, मशिनींसाठी तर गेला होतात."

"त्यांच्यावर बायका बसल्यात हो. मला इथे खुर्चीत बसून आठवलंच नाही."

वकीलबाईंनी दुसरा अर्ज पुढे ओढला. "मग शाळेचं बिल. आठ महिने. डोळे थांबतील?"

"उजवा थांबेल," मावशी म्हणाल्या. "डाव्याचं सांगवत नाही. सही कुठे करू?"