गाठ कोणत्या अंगाला

आश्रुबा चोर आहे, हे मी रुजू झालो त्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. पुरावा काय, तर तो फार वाकून नमस्कार घालायचा. वाकणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून संशय येतो. माझा स्वभावच तसा, काय करणार!

साल सत्तावन्न. मराठवाडा नुकताच मुंबई राज्याला जोडला होता आणि आम्हा नगरकडच्या चार कारकुनांना परभणी जिल्ह्यात धाडलं होतं. मला एक तालुका दिला आणि काम सांगितलं, की निजामाच्या वेळचं जमिनीचं उर्दू दफ्तर मराठीत आणायचं. त्र्याहत्तर गावं, गावागणिक एक बाड, सगळी लाल रुमालांत बांधून फडताळांत कोंबलेली. फडताळावर आकडा नाही, रुमालावर चिठ्ठी नाही. कोणतं गाव कुठं, ते फक्त आश्रुबाच्या डोक्यात.

आश्रुबा आमचा दफ्तरबंद. रुमाल सोडायचे, बांधायचे, वाळवी झाडायची, हीच त्याची तीस वर्षांची नोकरी. पन्नाशी उलटलेली, एका डोळ्यात फूल पडलेलं, लिहिण्यावाचण्याच्या नावानं शंख. पण गावाचं नाव घ्या, हा फडताळात हात घालून नेमका तोच रुमाल ओढणार. साहेब लोक कौतुक करायचे. मला मात्र घाम फुटायचा. अहो, अख्ख्या तालुक्याच्या जमिनी एका माणसाच्या डोक्यात! उद्या त्यानं एखादं पान गायब केलं तर कोणाच्या बापाला कळणार?

मग मी शिस्त लावली. एकेक रुमाल सोडायचा, पानांवर आकडे टाकायचे, शिवण उसवून पानं सुटी करायची आणि माणिकराव मास्तरांकडे पाठवायची. माणिकराव उर्दू शाळेतून निवृत्त झालेले. ते घरी बसून एकेक पान बिनचूक मराठीत उतरवायचे. मी आकड्यांप्रमाणे ती मराठी पानं लावून नवी वही करायचो. मूळ पानं परत रुमालात, सगळ्या गाठी एकसारख्या डावीकडे, वर माझ्या हातची चिठ्ठी.

पहिल्याच दिवशी आश्रुबा जवळ येऊन घुटमळला. "सायेब, त्या गाठीचं जरा..."

"तुला वाचता येतं का?"

"न्हाई जी."

"मग गप बस."

तो वाळवी झाडायला गेला. मास्तरांनीही एकदा चष्म्यावरून बघत विचारलं होतं, "आकडे नीट टाकताय ना, बन्सीधरराव?" मला ते खोचक वाटलं. मी चहासुद्धा न घेता उठून आलो.

पुढच्याच आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीत मी डबा अर्धा टाकून परत आलो तर आश्रुबा दफ्तरात एकटा. मी बांधलेला रुमाल सोडून पुन्हा बांधत होता. मला बघून दचकला आणि म्हणाला, "गाठ सैल झाली व्हती जी." माझी गाठ सैल! तेव्हाच ओळखलं, इथं पाणी मुरतंय. त्या दिवसापासून मी डबा टेबलावरच खायला लागलो, एक डोळा त्याच्यावर ठेवून.

जूनमध्ये येडबा धनगर बायकोसह कचेरीत आला. त्याच्या बापानं मेंढरं विकून गावचे बडे जमीनदार दिनकरराव यांच्या आज्याकडून रान घेतलं होतं. आता दिनकररावांनी आमच्या नव्या वहीची नक्कल काढली होती, आणि तिच्यात शेवटचा मालक त्यांचाच आजा.

"आमी पेरायलाव सायेब, आन् त्यांचा मानूस औत सोडा म्हनायलाय," येडबा म्हणाला.

त्याची बायको कस्तुराबाई जिन्याच्या पायरीवरून ओरडली, "नवं राज आलं आन् आमचं रान गेलं व्हय?"

मी आश्रुबाकडे बघितलं. त्याचा सख्खा भाऊ दिनकररावांकडे सालगडी होता, हे मी आधीच काढून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी जेवायला जातो असं सांगून मी दाराआड उभा राहिलो. आश्रुबानं नेमका येडबाच्या गावाचा रुमाल काढला, मांडीवर घेतला, सोडला, फिरवला आणि गाठ मारली. मी आत शिरून त्याचं मनगट धरलं. आनंद झाला मला, खोटं कशाला बोलू!

"पान कुठाय?"

"कंचं पान, सायेब?"

तहसीलदारांसमोर तो एवढंच म्हणत राहिला, "म्या गाठ बांधली." त्याला कोण विचारतो? तीस वर्षांची नोकरी तिथल्या तिथं गेली. जाताना त्यानं नमस्कार घातला नाही, आणि तेवढ्यावरूनसुद्धा मी म्हटलं, बघा, खरं रूप बाहेर आलं.

येडबाच्या रानाच्या पेशीची, म्हणजे सुनावणीची, तारीख आली. आश्रुबानं पान गाळलं हे सिद्ध करायचं म्हणून मी येडबाच्या गावाचा रुमाल घेतला. पानं मोजली. एकेचाळीस. माझ्या टिपणातही एकेचाळीस. पुन्हा मोजली. एकही गेलं नव्हतं.

चरफडत मी रुमाल बांधायला घेतला आणि लक्षात आलं, की मघाशी सोडली ती गाठ उजवीकडे होती. मी तो रुमाल त्याच अंगानं उघडून पाहिला. वरच मोहरेचं पान. ठसठशीत मोहर, तिच्याखाली साल, साहेबाची सही. साल बाकी कुठल्याच पानावर नव्हतं, आत नुसते महिने. म्हणजे हे बाडाचं पहिलं पान. आणि त्याच्या कोपऱ्यात माझ्या वळणदार अक्षरातला आकडा, ४१.

उर्दूची ओळ उजवीकडून चालते हे मला ठाऊक होतं. अख्खं बाडच उजवीकडून चालतं, हे काही माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं. मी डावीकडून, म्हणजे बाडाच्या शेवटाकडून, आकडे टाकत गेलो, त्यामुळे जुना मालक शेवटचा झाला आणि येडबाचा बाप मागं पडला. एक नाही, नऊ गावं मी अशी उलटी केली होती.

आणि गाठ! वाचता येत नाही म्हणून आश्रुबानं ती खूण धरली होती. ज्या अंगानं वाचायचं, त्या अंगाला गाठ. जुनं उर्दू उजवीकडे, नवं मराठी डावीकडे. मी सगळ्या गाठी डावीकडे मारल्या आणि तो बिचारा माझ्या पाठीमागं त्या सरळ करत बसला होता.

पेशीत येडबाचं रान सुटलं. मी अहवाल लिहिला, 'क्रमांक टाकताना नजरचूक झाल्याने नोंदी उलट झाल्या आहेत. दफ्तरबंदास पूर्ववत कामावर घ्यावे.' त्याची नक्कल खिशात घालून मोटारीनं देवगाव फाट्याला उतरलो आणि तिथून दोन कोस चालत आश्रुबाच्या घरी गेलो.

तो ओट्यावर अंबाडीचा दोर वळत होता. त्याच्या बायकोनं, धुरपताबाईनं, पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवला, पण या म्हणाली नाही.

"पानवठ्यावर बाया माझ्याकडं बघून गप व्हत्यात," ती भिंतीकडं बघून म्हणाली. "चोराची बायकू म्हनत्यात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घाईघाईनं कागद काढला आणि मोठ्यानं वाचला. वाचता वाचता जीभ पुढं गेली, कागदावर नव्हतं तेही बोलून गेलो, "चूक माझी, बन्सीधर कारकुनाची आहे. आश्रुबानं काही चोरलं नाही."

आश्रुबानं दोर खाली ठेवला. चांगला डोळा बारीक करून कागदाकडं बघितलं, मग माझ्याकडं. ती नजर मी ओळखली. डबा खाताना मी त्याच्याकडं तसाच बघायचो.

"ह्ये शेवटचं कंच्या वळीत हाय, सायेब?" तो म्हणाला. "बोट ठिवा बरं."

माझं बोट कागदावर इकडून तिकडं फिरलं. ठेवायला जागा नव्हती.

मी खिशातलं पेन काढलं, तिथंच ओट्यावर बसून सहीच्या वर ती दोन वाक्यं लिहिली, माझ्या नावासकट. अक्षर वेडंवाकडं आलं. आश्रुबानं त्या ओळीखाली स्वतःचं बोट धरलं आणि शाई वाळेपर्यंत काढलं नाही.

"आता वाचा," तो म्हणाला. "आन् आमच्या हिला आयकू जाईल आसं वाचा."