कल्याणच्या पुढचं नको

आमच्या डोंबिवलीच्या वधूवर मंडळात दर रविवारी एक गृहस्थ लॅपटॉप घेऊन बसतात. सगळी स्थळं त्यांनी एक्सेलमध्ये भरली आहेत आणि आपण सांगू ती प्रत्येक अट ते कोडची एक ओळ करून लिहितात. टाइप करतात एका बोटाने. मग "चालवू?" असं विचारतात. अटीत न बसणारी स्थळं पडद्यावरून नाहीशी झाली की हळूच "गेली" म्हणतात, शेजारचं कुणी वारल्यासारखं.

मुलासाठी मी वर्षभर तिथे जातेय. दर खेपेला एखादी अट वाढवतेय. कल्याणच्या पुढचं नको, उंची पाच-चारच्या वर हवी, नोकरी ठाण्याच्या आसपास हवी. परवा नववी अट घातली आणि पडदा कोरा झाला.

"तुमच्या यादीत धड मुलीच नाहीत," मी तणतणले.

ते रागावले नाहीत. "ताई, लग्नाआधी तुम्ही कुठे राहायचात?"

"मोहन्याला."

"उंची?"

"पाच फूट. का हो?"

त्यांनी यादीत माझ्याच नावाची ओळ भरली. "चालवू?" मी मान हलवायच्या आत ओळ नाहीशी झाली.

"पहिल्याच अटीत गेलात. मोहने कल्याणच्या पुढे येतं."

मी बाटलीतलं दोन घोट पाणी प्यायले. "मग ती अट काढा."

त्यांनी काढली, पुन्हा चालवलं आणि वर्षभरात पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"आता उंचीत गेलात."