लातूरची लिंक

आमच्या शेजारचे काका रेल्वेतून निवृत्त झाले आणि गोदावरीवरच्या पाखरांबद्दल ब्लॉग लिहू लागले. दुपारी गॅलरीत लॅपटॉप उघडून ते एकच गोष्ट बघत बसतात, आपल्या ब्लॉगची लिंक कुणी कुठं दिलीय. बोलता बोलता मध्येच थांबतात, नदीवरून कुणी हाक मारल्यासारखे.

ते शोधायचं त्यांचं साधन फार जुनं. शेवटी वैतागून मीच एक नवं लावून दिलं. काकांनी दोन्ही शेजारी शेजारी उघडली. जुन्यात लातूरच्या एका ब्लॉगची लिंक दिसत होती, नव्यात नव्हती.

"काका, तो ब्लॉग बंद पडलाय. नवं बरोबर दाखवतंय."

"हाव. लिहिणारा गेला ना गेल्या साली. भेट कधी झाली न्हाई आमची. पण माझ्या पाखरांबद्दल पहिल्यांदा त्यानंच लिहिलं होतं." मग त्यांनी नवं हळूच बंद केलं. "हे लई खरं बोलून राहिलं, बाबा."

त्यांनी जुन्यातली लिंक दाबली. कोरं पान आलं. आतून कुणी दार उघडायला येतंय का याची वाट बघावी, तसे काका त्या पानासमोर थांबून राहिले.

घरी काम पडलं होतं, पण मलाही उठवेना.