अंगण साफ झालं

मंडळी, वसाहतीच्या फलकावर आज माझी नेहमीची तक्रार नाही. सकाळी घरी घडलं, ते सांगतो.

आपल्याकडे हल्ली स्वतः गवत उपटतो तो कारकून आणि माळी ठेवतो तो साहेब. मलाही साहेब व्हायचं होतं. शिवाय आमचे आप्पा खुरपं घेऊन बसले की उठताना कळवळायचे. म्हणून कागलकडचा एक माळी ठरवला.

आई गेल्यापासून तिच्या गणपतीची पूजा आप्पा करतात. एरवी देवाशी त्यांचं फारसं जमलं नाही. पण पहाटे उठून, तिने कोपऱ्यात राखलेल्या दूर्वा खुडायच्या, हा नेम कधी चुकला नाही.

आज माळी तांबडं फुटतानाच आला. आप्पा अंघोळ करून तबक घेऊन बाहेर येईतो कोपरा भुंडा झाला होता.

"हरळी लई माजलीती, आजोबा," तो घाम पुसत म्हणाला. "मुळासकट काढली बघा. आता उगवायची न्हाय."

रानातली हरळी तीच देवघरातली दूर्वा. त्या बिचाऱ्याने रानाच्या नजरेनं पाहिलं.

"चांगलं केलंस बाबा," आप्पा म्हणाले. "चहा घेऊन जा."

मी घाईनं म्हणालो, "आप्पा, दूर्वा बाजारात मिळतात की. मी रोज आणीन."

"आणशील रे. पण मग पहाटे उठून मी करू काय?"

मंडळी, माळी ठेवणाऱ्यांपैकी कुणाला उत्तर सुचलं, तर खाली लिहा. आप्पांना वाचून दाखवीन.